ट्रिपल ए आणि एक राहिलेली सही

"तू नक्की काय करतेस गं?" असं नात्यातल्या कोणी विचारलं की माझ्याआधी आईच उत्तर देते, "लोकांच्या पीएफचे पैसे गुंतवते." त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला, "मग सांग ना, कुठला शेअर घेऊ?" इतकी वर्षं झाली, या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या कामात शेअर निवडणं हा प्रकारच नाही.

मी एका सार्वजनिक उपक्रमात अधिकारी आहे आणि नोकरीतली बरीच वर्षं त्याच्या भविष्य निर्वाह निधी ट्रस्टमध्ये गेली. उपक्रमाचं नाव सांगत नाही, कारण अजून तिथेच पगार घेते. बहुतेकांचा पीएफ ईपीएफओकडे जातो. पण १९५२ च्या कायद्याच्या कलम १७ खाली काही आस्थापनांना सूट मिळालेली आहे आणि त्या स्वतःचा ट्रस्ट काढून निधी सांभाळतात. सूट म्हणजे मोकळीक मात्र नव्हे. ईपीएफओ दरवर्षी जो व्याजदर जाहीर करते, त्याच्यापेक्षा कमी देता येत नाही. कमी पडले तर मालकाने भरायचे. विश्वस्तांत निम्मे व्यवस्थापनाचे, निम्मे कामगारांचे. या दोन निम्म्यांच्या मध्ये एक टेबल असतं, त्यावर एक एक्सेलची शीट उघडलेली असते आणि तिच्यासमोर मी.

मी मूळची बार्शीची. बी.कॉम., मग आयसीडब्ल्यूए, ज्याला आता सीएमए म्हणतात. जाहिरात 'लेखा अधिकारी' पदाची होती. सरकारी क्षेत्रात 'इन्व्हेस्टमेंट अ‍ॅनालिस्ट' नावाचं पद जाहिरातीत शोधायला जाल तर क्वचितच सापडेल. एलआयसीत जायचं तर एएओची परीक्षा, रिझर्व्ह बँकेत ग्रेड बी, नाबार्डमध्ये ग्रेड ए, सरकारी बँकेच्या ट्रेझरीत जायचं तर आधी बँकेत अधिकारी म्हणून शिरायचं. सगळीकडे रीत एकच. आधी अधिकारी व्हायचं, मग कधीतरी एका बदलीच्या आदेशात तुमच्या नावापुढे 'गुंतवणूक विभाग' असं टाइप होऊन येतं. माझ्या बाबतीत ते २०१६ च्या दिवाळीआधी आलं. त्याआधी तीन वर्षं मी प्रवासभत्त्याची बिलं तपासत होते.

मुलाखतीत मला एकच प्रश्न गुंतवणुकीचा विचारला होता. बाजारातला व्याजदर वाढला तर हातातल्या रोख्याची, म्हणजे बाँडची, किंमत वाढते की घटते? घटते, मी म्हणाले. का? कारण नवा रोखा जास्त व्याज देतो, मग जुना कोण पूर्ण भावाने घेईल? पॅनेलवरचे एक गृहस्थ मान डोलावत म्हणाले, "बरोबर. पण आम्ही विकतच नाही." तेव्हा मला तो विनोद वाटला होता. तो विनोद नव्हता. आमच्यासारखा ट्रस्ट रोखा घेतो तो मुदत संपेपर्यंत ठेवण्यासाठी. दहा वर्षांचा कागद घेतला तर तो दहा वर्षं कपाटात. त्यामुळे आपण घेताना जे चुकलो ते विकून निस्तरायची सोय फारशी नाही, आणि घेणाऱ्याची सही तेवढी दहा वर्षं फाइलमध्ये असते.

ट्रस्टमध्ये आल्यावर मला वाटलं आपण कमी शिकलोय, म्हणून सीएफए या गुंतवणूक विश्लेषणाच्या परीक्षेच्या पहिल्या पातळीला बसले. तेव्हा ती परीक्षा कागदावर व्हायची. दोन सत्रं, सहा तास, २४० प्रश्न. पहाटे पावणेपाचला उठून लोकलमध्ये पाठ करायचे आणि डिसेंबर २०१७ ची परीक्षा पास झाले. फीचा परतावा मिळेल या आशेने बिल लावलं, तर शेरा आला, 'सदर परीक्षा विभागीय परीक्षांच्या यादीत समाविष्ट नसल्याने अमान्य.' दुसऱ्या पातळीला मी बसले नाही. त्याचं कारण तो शेरा नव्हता, मुलगी झाली होती. पण सांगताना मी शेराच सांगते.

त्या परीक्षेने मला ड्युरेशन, म्हणजे व्याजदर हलला की रोख्याची किंमत किती हलते ते मोजणं, शिकवलं, ताळेबंद वाचायला शिकवला, त्याचा उपयोग झालाच. टिपणी कशी लिहायची ते मात्र तिच्यात कुठेच नव्हतं. ते आमच्या तेव्हाच्या साहेबांनी शिकवलं. पहिली टिपणी लिहून नेली तर त्यांनी ती न वाचता विचारलं, "कोणासाठी लिहिलीय?" म्हटलं, तुमच्या मान्यतेसाठी. म्हणाले, "मी तीन वर्षांत रिटायर होतोय. दहा वर्षांनी एक लेखापरीक्षक येईल, त्याचा जन्म कदाचित नुकताच झालाय. त्या दिवशी तुम्हाला काय माहीत होतं आणि काय माहीत नव्हतं, हे त्याला कळलं पाहिजे. त्याच्यासाठी लिहा." मी टिपणी परत नेली. चार वेळा नेली.

रोजचं काम ऐकायला फार रटाळ वाटेल, तरी सांगते. महिन्याच्या मध्याला पगारातली वर्गणी ट्रस्टच्या खात्यात येते. त्यात जुन्या रोख्यांचं व्याज, मुदत संपलेल्यांची मुद्दल. त्यातून निवृत्त होणाऱ्यांचे आणि लग्न-घरासाठी काढणाऱ्यांचे पैसे वजा जाता जे उरतं ते ठरावीक दिवसांत गुंतवायचं असतं. आणि कुठे, ते सरकारने ठरवून दिलंय. मी आले तेव्हा २०१५ चा नमुना चालू होता. ४५ ते ५० टक्के सरकारी रोखे, ३५ ते ४५ टक्के कंपन्यांचे आणि बँकांचे कर्जरोखे व ठेवी, ५ ते १५ टक्के शेअरशी निगडित, अल्पमुदतीचं ५ पर्यंत, उरलेलं ५ पर्यंत इतर. शेअरच्या वाट्यात आम्ही निफ्टी-सेन्सेक्सचे ईटीएफ, म्हणजे त्या निर्देशांकातले सगळे शेअर ठेवणारे फंड, घ्यायचो, ईपीएफओनेही २०१५ च्या ऑगस्टमध्ये तिथूनच सुरुवात केली होती. म्हणजे कुठला शेअर घेऊ या प्रश्नाचं उत्तर: सगळेच, थोडे थोडे.

सरकारी रोख्यांत विश्लेषण कमी, वेळ पाळणं जास्त. मंगळवारी राज्यांच्या विकास कर्जांचा लिलाव, केंद्राचा सहसा शुक्रवारी. आमच्यासारख्यांना अस्पर्धात्मक बोली लावता येते. तिच्यात भाव सांगायचा नाही, रक्कम सांगायची, मोठ्यांच्या बोलीतून जो सरासरी भाव निघेल तो आपला. मला ही सोय फार आवडायची. बाजारात ज्यांना कळतं त्यांनी भांडावं आणि आपण त्यांच्या पंगतीला बसून जेवावं.

खरं डोकं लागतं कंपन्यांच्या रोख्यांना. सकाळी अकरापर्यंत चार-पाच दलालांचे कोट, म्हणजे कुठला रोखा काय भावाने देणार ते, ईमेलवर येतात. मेलबॉक्स दोघांनी मिळून उघडायचा, एकट्याने नाही. प्रत्येकाचा उतारा काढायचा, म्हणजे मुदतीपर्यंत ठेवला तर वर्षाला खरोखर किती टक्के पडतात ते. दोन पतमापन संस्थांचं मानांकन किमान 'डबल ए' हवं. एका कंपनीत, एका समूहात किती पैसे आधीच आहेत ते पाहायचं. मग तुलनेचा तक्ता, टिपणी, सह्या, आरटीजीएस, डिमॅटमध्ये रोखा आला का ते पाहणं. दोन कोटांतला फरक बहुधा दोन-चार बेसिस पॉइंटचा. टक्क्याचा शंभरावा भाग म्हणजे एक बेसिस पॉइंट. त्यावर लोक फोनवर बायकोशी भांडल्यासारखे भांडतात.

पहिल्याच मार्चमध्ये मी एक चूक केली होती, तिची रक्कम अजून पाठ आहे. पाच कोटींचा रोखा, कूपन म्हणजे ठरलेलं व्याज साडेआठ टक्के, मागचं व्याज एक फेब्रुवारीला दिलेलं, आम्ही घेत होतो पंधरा मार्चला. मधल्या दिवसांचं व्याज विकणाऱ्याला द्यावं लागतं. सरकारी रोख्यात प्रत्येक महिना तीस दिवसांचा आणि वर्ष ३६० चं धरतात, कंपनीच्या रोख्यात मात्र कॅलेंडरवरचे खरे दिवस. मी सरकारी सवयीने ४४ दिवस मोजले, खरे होते ४२. फेब्रुवारी नडला. हिशेब ३०,४०३ रुपयांनी चढा झाला. पैसे जायच्या आधी समोरच्या दलालाकडच्या पोराने फोन केला, "मॅडम, तुम्ही आम्हाला जास्त देताय." त्याने गप्प बसायला हरकत नव्हती. त्या पोराचे कोट मी पुढे जरा जास्त आस्थेने वाचायचे, हे कबूल करते.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

जानेवारी २०१८. दहा कोटी गुंतवायचे होते. आलेल्या कोटांत सगळ्यात वर आयएल अँड एफएस या पायाभूत सुविधांतल्या वित्तकंपनीचा रोखा होता. दोन संस्थांचं ट्रिपल ए, म्हणजे सगळ्यात वरचं मानांकन. त्याच्या खालचा कोट एका सरकारी वीज-वित्त कंपनीचा, तोही ट्रिपल ए, पण वीस बेसिस पॉइंट कमी. दहा कोटींवर वीस बेसिस पॉइंट म्हणजे वर्षाला दोन लाख. मी टिपणी लिहिली. ती आजही फाइलमध्ये आहे आणि भाषा चांगली आहे. भागधारकांचा तक्ता होता: सगळ्यात मोठी एलआयसी, मग जपानची ओरिक्स, खाली स्टेट बँक. मी लिहिलं होतं की सार्वजनिक वित्तसंस्थांचा भक्कम आधार लाभलेली कंपनी. आदल्या वर्षीच जम्मूकडचा चेनानी-नाशरी बोगदा सुरू झाला होता, तो याच समूहाने बांधलेला. तेही एका ओळीत होतं. शेवटी, 'सबब शिफारस करण्यात येत आहे.'

मी काय पाहिलं नव्हतं ते टिपणीत नाही, म्हणून इथे लिहिते. मी मूळ कंपनीचा स्वतंत्र ताळेबंद नीट वाचला होता. उपकंपन्यांसह एकत्रित ताळेबंद नुसता चाळला. पैसे कुठे अडकलेत, रस्ते-बोगदे बांधून कोणाकडून किती येणं आहे, ते त्या दुसऱ्या ताळेबंदात होतं. परीक्षेत नेमकं हेच शिकवतात. महिन्याभरापूर्वीच ती दिली होती. पण ट्रिपल ए दिसलं की हात आपोआप खाली सहीच्या जागेकडे जातो.

आमच्या नियमाप्रमाणे टिपणीवर तीन विश्वस्तांच्या सह्या लागायच्या आणि त्यांतला एक कामगारांकडचा हवाच. ते म्हणजे नाना. फोरमन होते, युनियनचे जुने पुढारी, सगळे त्यांना नानाच म्हणत. कोट दुपारी एकपर्यंत चालणार होता. साडेअकराला दोन सह्या झाल्या. नानांचा फोन लागेना. त्यांच्या खात्यात फोन केला तर कळलं, पुतण्याच्या साखरपुड्याला सांगोल्याला गेलेत, रजा टाकलीय. त्यांच्या जागी सही करू शकणारे दुसरे गृहस्थ आजारी. सव्वा वाजता नानांचाच फोन आला, "काय गं पोरी, किती वेळा फोन केलास? इथं रेंज नव्हती." तोवर रोखा दुसऱ्या कोणाला गेला होता.

दुसऱ्या दिवशी पैसे पडून राहू नयेत म्हणून तो वीज-वित्तवाला रोखा घेतला. फाइलवर एक ओळ: 'कोट संपुष्टात आल्याने पुढील क्रमांकाच्या कोटाचा विचार करण्यात आला.' मी नानांवर चिडले होते. सरळ म्हणाले, "नाना, तुमच्या साखरपुड्याने ट्रस्टला वर्षाला दोन लाखांना बुडवलं." ते ओशाळले. खरंच ओशाळले, पुढच्या बैठकीला पहिल्यांदा येऊन बसले.

ऑगस्टमध्ये मानांकन उतरायला लागलं. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ते थेट डी वर आलं, डी म्हणजे थकबाकीदार. ज्या कागदावर आपण डोळे मिटून विश्वास ठेवणार होतो तो काही आठवड्यांत ट्रिपल ए वरून डी वर. एक ऑक्टोबरला केंद्र सरकारने कंपनी लवादाकडे जाऊन संचालक मंडळ बरखास्त करून घेतलं, उदय कोटक यांच्या अध्यक्षतेखाली नवं बसवलं. कर्ज नव्वद हजार कोटींच्या वर असल्याचं पेपरांत रोज येत होतं. नव्या मंडळाने मोजायला घेतलं तर समूहात तीनशेहून जास्त कंपन्या निघाल्या. देशभरातल्या किती पीएफ ट्रस्टांचे पैसे त्यात होते त्याच्या याद्या फिरू लागल्या. त्या आठवड्यात मला झोप कमी आली. ऑफिसात सगळे खूश होते. "आपल्याकडे एक रुपया नाही!" साहेबांनी चहा सांगितला.

मी टिपणी काढून पुन्हा वाचली. माझी सही, दोन विश्वस्तांच्या सह्या आणि तिसरी रिकामी जागा.

पुढच्या वर्षी लेखापरीक्षण झालं. त्यांच्या अहवालात एक परिच्छेद होता की बाजारातल्या पतसंकटाच्या काळात ट्रस्टने गुंतवणूक करताना उचित सावधगिरी बाळगल्याचे दिसून येते. मी त्या तरुण लेखापरीक्षकाला विचारलं, तुम्ही जानेवारीची फाइल पाहिली का? म्हणाला, पाहिली, खरेदी झालेल्या सगळ्या पाहिल्या. जी झाली नाही ती त्याच्या नमुन्यात येणार कशी? मी स्वतः होऊन ती पुढे केली नाही. करायला हवी होती का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर मी एकत्रित ताळेबंद आधी वाचते. समूहातली प्रत्येक कंपनी एका कागदावर मांडते, कोणाचं कोणाकडे काय अडकलंय ते बाणांनी दाखवते. साहेब त्याला रांगोळी म्हणायचे.

२०१९ च्या मध्याला एक दलाल एका बँकेचे एटी-१ रोखे घेऊन आला. उतारा नऊच्या वर. बँक मोठी, नाव सगळ्यांना माहीत. माहितीपत्रकाची शंभरेक पानं होती, पण आता मी ती वाचत होते. आत लिहिलं होतं की बँक अडचणीत आली तर या रोख्यांचं व्याज थांबवता येईल, वेळ आल्यास मुद्दल शून्यही करता येईल. मी नको म्हणून लिहिलं, कारणांसह. आमचे वित्तप्रमुख नाराज झाले, आणि त्यांचं चूक नव्हतं. ईपीएफओचा दर साडेआठच्या वर, बाजारातले उतारे घसरत चाललेले, खड्डा पडला तर भरायचा त्यांनी. "बँक बुडते का मॅडम?" ते म्हणाले.

मार्च २०२० मध्ये येस बँकेवर निर्बंध आले आणि तिचे ८,४१५ कोटींचे एटी-१ रोखे शून्य झाले. मला वाटलं, आता माझ्या टिपणीचं चीज होणार. पण ती बँक वेगळी, आमच्याकडे आलेली वेगळी. आमच्याकडे आलेल्या बँकेने तिच्या रोख्यांवरचं व्याज दरवर्षी वेळेवर दिलं. वित्तप्रमुख भेटले की आठवण करून द्यायचे, "तुमच्या त्या बँकेने याही वर्षी व्याज दिलं बरं का." त्यांच्या हिशेबाने मी ट्रस्टचं नुकसान केलं, आणि आकडे मांडले तर केलंच. कागदावर माझी एक वाईट शिफारस चांगली ठरली आणि एक चांगली शिफारस वाईट.

त्याच वर्षी दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा उतारा सहाच्या खाली गेला आणि ईपीएफओने दर साडेआठच ठेवला. आमचे जुने, आठ-नऊ टक्क्यांचे रोखे कपाटात होते म्हणून निभावलं. ते ज्यांनी घेतले ते केव्हाच निवृत्त झाले होते, त्यांच्या सह्या मात्र रोज दिसायच्या. संवेदनशील पद म्हणून माझी बदली तीन वर्षांनी व्हायची ती आधीच लांबली होती, कोविडमुळे आणखी लांबली, शेवटी २०२१ मध्ये अर्थसंकल्प शाखेत झाली.

बदलीच्या थोडं आधी, फेब्रुवारीअखेर, नाना निवृत्त झाले. पीएफचा हिशेब घ्यायला स्वतः आले, मास्क हनुवटीवर, हातात पेढ्यांचा पुडा. मी आकडा दाखवला. चष्मा वर करून त्यांनी तो दोनदा वाचला, मग बोटाने कागदावरच व्याजाच्या ओळीखाली रेघ मारली. म्हणाले, "तुझी एक गोष्ट अजून टोचते बघ. साखरपुड्याला गेलो आणि ट्रस्टला दोन लाखांना बुडवलं म्हणालीस."

तीन वर्षं मी त्यांना सांगितलं नव्हतं. आता कपाटातून फाइल काढली, टिपणी उघडली, कंपनीच्या नावावर बोट ठेवलं. नानांनी वाचलं. मग खालची रिकामी जागा पाहिली. बराच वेळ काही बोलले नाहीत. पुड्यातला एक पेढा माझ्या हातावर ठेवला, दुसरा स्वतःच्या तोंडात टाकला.

"म्हणजे दहा कोटी वाचवले मी," पेढा चघळत म्हणाले. "मग माझं कमिशन?"